‘ताई, तुम्ही देवचार पाहिलाय का?’ आणि वारंवार विचारले जाणारे इतर प्रश्न

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहते. एका सहकारी बँकेत सव्वीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली अठरा वर्षं पहाटे उठून रहस्यकथा, भयकथा लिहिल्या. वाचनालयाच्या कार्यक्रमात, जत्रेत, लग्नाच्या पंगतीत लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीतही विचारले. तोंड उघडं असताना उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

ताई, तुम्ही देवचार पाहिलाय का?

नाही. चाहूलही ऐकलेली नाही. माझ्या आजीने ऐकली होती म्हणे. रात्री काठीचा ठोका, साखळीचा आवाज, आणि चूड पेटवून कुणीतरी बांधावरून गेल्यासारखं. पण हे सांगताना तिचा आवाज कधी खाली यायचा नाही. भुताची गोष्ट माणूस कुजबुजत सांगतो. आजी देवचाराबद्दल बोलायची ती गावच्या पंचाबद्दल बोलावं तशी. ‘तो आपल्या वाटेने जातो, तू आपल्या वाटेने जा. वर्षाला रोट दे, शिवेवर घाण करू नको.’ बस्स.

बाहेरून येऊन इथल्या भुतांवर लिहिणारे इथेच फसतात. ते देवचाराला पिशाच्च करून टाकतात. तो राखणदार आहे, गावाची शीव सांभाळणारा. त्याच्यापासून पळायचं नसतं, त्याच्याशी नीट वागायचं असतं. म्हणून माझ्या एकाही कथेत तो खलनायक नाही. एका कथेत मी त्याला साक्षीदार केलं. खून शिवेवर झालाय, गुन्हेगार गावचाच आहे, आणि त्या रात्रीनंतर तो त्या वाटेने जायचं टाळतो. देवचार कथेत कुठेच दिसत नाही. वाट बदललेली दिसते, तेवढंच. ही कथा वाचून सत्तरी तालुक्यातल्या एका आजोबांनी निरोप पाठवला होता, ‘बरोबर लिहिलंय.’ मला आजवर मिळालेला सगळ्यात मोठा पुरस्कार तोच.

आमच्याच तालुक्यात साळ गावी होळीच्या दिवसांत गड्यांचा उत्सव असतो. रात्री गडे, म्हणजे उत्सवात उतरलेले गावचे पुरुष, दूरच्या उजेडामागे धावत सुटतात, लोक अंधारात डोंगराकडे डोळे लावून बसतात. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा उजेडापेक्षा बघणाऱ्यांचे चेहरेच जास्त बघितले. तीच माझी वही.

गोष्टी सुचतात कुठून?

‘सुचतात’ हा शब्दच मला पटत नाही. वरून काही पडत नाही. माझ्या बाबतीत गोष्ट नेहमी एखाद्या व्यवस्थेच्या भोकातून येते. एखादी गोष्ट कशी चालते हे कळलं की ती कुठे फसते हेही दिसायला लागतं, आणि रहस्यकथाकाराला तेवढं पुरतं.

फेरीबोटीचं घ्या. गोव्यात फेरीतून पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. सगळ्यांना याचा आनंद, मला वेगळंच वाटलं. तिकीट नाही म्हणजे माणूस नदी ओलांडून गेला आणि परत आला याचा कागदावर कुठेही पुरावा नाही. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. त्यानंतर कितीतरी दिवस या काठाची माणसं त्या काठाला फेरीनेच जात. भर पावसाळा, धक्क्यावर तुंबळ गर्दी, प्रत्येकाच्या डोक्यावर छत्री, कुणाचा चेहरा कुणाला दिसत नाही. खुन्याला याहून चांगले दिवस कुठले? मी त्यावर कादंबरी लिहिली. पणजीसमोरच्या बेतीच्या धक्क्यावर त्या वर्षी चहा विकणाऱ्या एका काकांना मी तीन रविवार गाठलं. ‘शेवटची फेरी किती वाजता?’ या एका प्रश्नाने सुरुवात केली, आणि शेवटी हातात आलं ते असं, की माणसं माणसांना ओळखत नव्हती, पण चहावाला छत्र्या ओळखायचा. कुणाची मूठ तुटलेली, कुणाला ठिगळ. माझा खुनी छत्रीमुळे सापडतो.

दुसरं उदाहरण मानशीचं. खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधाला मानस असते, पाणी अडवणारी झडप. तिची लाकडी दारं भरतीच्या पाण्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. खारं पाणी शेतात शिरत नाही, आतलं पाणी बाहेर जातं. माणूस लागत नाही, चंद्र लागतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आता समजा मानशीपाशी एक प्रेत सापडलं. ते आतून बाहेर आलं की बाहेरून येऊन अडकलं, हे त्या रात्रीच्या ओहोटीवर ठरेल. आणि एखाद्या पात्राने ‘काल याच वेळी पाणी उतरत होतं, आजही उतरत असणार’ असं म्हटलं, तर ते पात्र खाजनाच्या गावचं नाही. एवढ्या एका वाक्यावर मी एक तोतया वारस पकडला आहे.

बँकेबद्दल फार बोलणार नाही. इतकंच सांगते, की दोघांच्या नावावरचा लॉकर उघडायला एकटं येणारं माणूस कसं चालतं, हे मी ओळखू शकते.

तुमच्या कथांत मृत्युपत्राचा ट्विस्ट का नसतो?

हा प्रश्न पुण्या-मुंबईहून येतो. म्हाताऱ्या शेठजीने रागाच्या भरात मृत्युपत्र बदललं, मुलाला दमडीही ठेवली नाही, सकाळी शेठजी मेलेले, असलं कथानक गोव्यात उभंच राहत नाही! आमच्याकडे वारसाहक्काची मुळं १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहेत. आता २०१२ चा गोव्याचा आपला कायदा आहे, पण गाभा तोच. पोटच्या मुलांना सहसा वाऱ्यावर सोडता येत नाही; अर्धी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव, मृत्युपत्राने वाटायची ती उरलेली अर्धी. शिवाय लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको सगळ्याचे निम्मे-निम्मे मालक, माहेरून-सासरहून आलेल्यासकट.

म्हणजे गोव्यात इस्टेटीवरून खून होत नाहीत का? कथेत तरी होतात, पण कारण बदलतं. इथे सगळा जीव सह्यांत अडकलेला असतो. वडिलोपार्जित घर विकायचं तर सगळ्या भावंडांच्या सह्या लागतात, शिवाय त्यांच्या नवऱ्या-बायकांच्याही. एक भाऊ लिस्बनला, एक बहीण दादरला, एकजण बोलतच नाही. मग इन्व्हेंटरीचा, म्हणजे वाटणीचा, दावा. त्यात घरावर भावाभावांतच बोली लागते, म्हणजे आपल्याच घराची पावणी आपणच करायची. ज्या राजांगणात, घराच्या मधल्या चौकात, एकत्र जेवलो त्याची किंमत धाकट्याने वाढवली की थोरल्याच्या चेहऱ्यावर काय येतं, ते मी एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात बघितलंय. रक्ताचा एक थेंब न दाखवता ती माझी सगळ्यात भयंकर कथा झाली.

लिहिण्याची वेळ कोणती?

पहाटे पावणेपाच ते पोदेर, म्हणजे पाववाला, येईपर्यंत. त्याच्या सायकलचा भोंपू वाजला की पेन खाली. दोन उंडे, चार पोळ्या (हेही पावच) घ्यायच्या, चहा टाकायचा. त्यामुळे माझ्या हस्तलिखितात कितीतरी वाक्यं अर्धवट तुटलेली आहेत, आणि त्याचा फायदाच झाला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाक्यापासून सुरुवात करणं कोऱ्या पानापेक्षा सोपं जातं. पोदेर आजारी पडला त्या आठवड्यात मी सहा तास बसून होते आणि काहीही धड लिहिलं नाही.

खरा हंगाम पावसाळा. दिवाळी अंकवाल्यांना कथा जुलैअखेर, फार तर ऑगस्टात हवी असते. आणि नेमकी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. त्यामुळे माझ्या बहुतेक भयकथा सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, किसमुरीवर वाढलेल्या आहेत. वीज जाते, बेडूक ओरडतात, कपाटातल्या वह्यांना बुरशी येते. वातावरणनिर्मितीसाठी वेगळे कष्ट पडत नाहीत.

हाताने लिहिता की संगणकावर?

पहिला खर्डा हाताने, आखीव रजिस्टरमध्ये. बँकेची सवय. डाव्या पानावर गोष्ट, उजव्या पानावर हिशेब: कोण किती वाजता कुठे होतं, किल्ली कुणाकडे, पाऊस कधी थांबला. दोन्ही पानं जुळली नाहीत तर दिवस बंद करत नाही. नंतर भाचा टाइप करून देतो आणि खुनी कोण ते जेवताना सगळ्यांना सांगून टाकतो.

खुनी आधी ठरवता का?

त्याच्याही आधी घर ठरवते. सोपो (ओसरी) कुठे, राजांगण कुठे, विहिरीकडे जाणारं दार कुठलं, माळ्यावरची कुठली फळी करकरते. नकाशा काढते. एका पात्राला दुसऱ्याच्या नजरेस न पडता स्वयंपाकघरातून विहिरीपर्यंत जाता येत नसेल तर तो खून होणार नाही, मला कितीही हवा असला तरी. मग शेवटचं प्रकरण लिहिते, आणि त्यानंतर पहिलं.

एकदाच न ठरवता लिहिलं. दीडशे पानांवर कळलं की खून झालेलाच नाही, बाई नुसती माहेरी निघून गेली होती. ती वही माळ्यावर आहे.

विषांची माहिती कुठून मिळवता? आणि घरचे लोक तुमच्या हातचं जेवतात का?

जेवतात, पण नवरा हा विनोद वीस वर्षं करतोय.

आमच्या रानात काजऱ्याची झाडं आहेत, ज्याला बाकीचे कुचला म्हणतात. बी सुंदर दिसते, चपटी, बटणासारखी. तिच्यात स्ट्रिक्निन असतं. ते इतकं कडू की खाणाऱ्याला पहिल्या घोटातच कळावं, आणि मेल्यानंतरही तपासणीत फार काळ सापडतं. म्हणजे खुन्याच्या दृष्टीने वाईटच वस्तू, आणि म्हणूनच कथेला चांगली. कडवटपणाचं कोडं मी कसं सोडवलं ते कथेतही अर्धंच लिहिलंय, बाकीचं लिहिणार नाही. वाचकाला धक्का हवा असतो, कृती नको.

संवाद इतके खरे कसे वाटतात?

जत्रेतल्या नाटकांमुळे. गोव्याबाहेरच्यांना हे खरं वाटत नाही, पण इथल्या गावागावांत देवळाच्या उत्सवात मराठी नाटक होतं, आणि ते मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतं. दिवसा माडावर चढणारा पाडेली रात्री औरंगजेब असतो. मी अकराव्या वर्षापासून विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं. प्रॉम्प्टरला एक गोष्ट कळते जी नटालाही कळत नाही: कुठलं वाक्य माणसाच्या तोंडात बसत नाही. चांगलं पाठांतर असलेला नट वर्षानुवर्षं त्याच एका ओळीवर अडखळायचा. चूक ओळीची असायची. आजही प्रत्येक संवाद मी कुजबुजत म्हणून बघते, विंगेतून म्हणावा तसा. जीभ अडली की खोडते.

आणि प्रेक्षक! पहाटे तीन वाजता, थंडीत, गोधडी घेऊन बसलेला प्रेक्षक. त्याला जागं ठेवणं म्हणजे काय ते ज्याने बघितलंय तो तीन पानांचं निसर्गवर्णन लिहायला धजावणार नाही.

घरी कोंकणी बोलता, मग लिहिता मराठीत का? कोंकणीवर प्रेम नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा सूर बहुतेकदा भांडणाचा असतो, आणि मला भांडायचं नसतं. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळचे दिवस मी शाळकरी वयात बघितले. एकाच घरात दोन मतं होती, आणि दोघंही एकमेकांवर ओरडत होते ते कोंकणीतच. मी मराठी शाळेत शिकले, देवळात मराठी आरत्या म्हटल्या, वाचनालयातून मराठी पुस्तकं आणली. रडायला मला कोंकणी लागते, गोष्ट रचायला मराठी. दोन्ही माझ्या आहेत. एक निवडा म्हणणाऱ्यांना मी चहा देते.

कथेत निवेदन मराठी आणि माणसं जिथे कोंकणी बोलतील तिथे कोंकणीच. तळटीपा देत नाही, संदर्भाने कळावं असं बघते. नेहमी कळतंच असं नाही. एका कथेत मरणारा माणूस म्हणतो, ‘फाल्यां येतलो.’ म्हणजे ‘उद्या येईन.’ विदर्भातल्या एका वाचकाने चार पानी पत्र लिहून विचारलं, की हा फाल्या कोण, तो पुढे कुठेच कसा येत नाही, आणि खुनी तोच नाही ना? पत्र जपून ठेवलंय. त्यांचा तर्क माझ्या शेवटापेक्षा चांगला होता.

संशोधन करता का, की सगळं कल्पनेतलं?

पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. मुळात १८३२ सालचं ग्रंथालय, आता पाटोला नव्या इमारतीत आहे. जुन्या वर्तमानपत्रांच्या जाहिराती वाचते. बातम्या खोटं बोलू शकतात, पण ‘हरवले आहे’ सदरात माणूस खरं लिहितो.

पण मला कायमचं वेड लावलं ते केतेवन राणीने. ही जॉर्जियाची राणी. धर्म बदलला नाही म्हणून १६२४ मध्ये शिराझला इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने तिला हालहाल करून मारलं. ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्याला आणला आणि जुन्या गोव्यात आपल्या मठात ठेवला. पुढे शहर ओस पडलं, मठ सुटला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. आज तिथे एक उंच, अर्धवट मनोरा तेवढा उभा आहे. जुन्या पोर्तुगीज कागदांत मात्र ठिकाण लिहून ठेवलेलं होतं: अमुक कपेल (छोटं प्रार्थनागृह), दुसरी खिडकी. आता ढिगाऱ्यात कपेल ओळखा, खिडकी ओळखा! पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, अस्थी मिळाल्या, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली, आणि ते वंशचिन्ह जॉर्जियाकडचं निघालं. २०२१ मध्ये भारत सरकारने ते अवशेष जॉर्जियाला समारंभाने दिले.

सगळे मला म्हणतात, यावर कादंबरी लिहा. नाही लिहिणार. यात माझ्यासाठी काही उरलेलंच नाही, सगळं घडून गेलंय. मी त्यातून फक्त दोन शब्द उचलले, ‘दुसरी खिडकी’. दुसरी, पण कुठून मोजायची? दारातून आत येणाऱ्याची दुसरी आणि आतून बाहेर बघणाऱ्याची दुसरी वेगळी असू शकते. त्या एका घोळावर माझी आजवरची सगळ्यात खपलेली कादंबरी उभी आहे, आणि तिच्यात ना राणी आहे ना चर्च. सावईवेऱ्याच्या बाजूचं एक कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, आहे आणि भिंतीत पुरलेली सोन्याची पाटली.

वर्षाला किती लिहिता?

दोन-तीन कथा, दोन-तीन वर्षांतून एक कादंबरी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. मी त्यांच्या फोटोलाही नमस्कार करायला कचरते.

मोबाइलमुळे रहस्यकथा संपली, असं वाटत नाही?

अवघड झाली हे खरं. ‘रेंज नव्हती’ हे किती वेळा लिहिणार? सत्तरीच्या डोंगरात एकदा चालतं, दुसऱ्यांदा वाचक हसतो. त्यामुळे माझ्या निम्म्या कथा १९९५ च्या आधी घडतात. बाकीच्यांत मोबाइल हाच पुरावा असतो आणि तो खरं बोलतो. खोटं बोलतं ते तो हातात असलेलं माणूस.

सुचत नाही तेव्हा काय करता?

कुळागरात पाटाचं पाणी फिरवायला जाते. एक वाफा बंद, दुसरा उघडा. चिखलात पाय आणि हातात फावडं असताना डोकं उगाच शहाणपणा करत नाही.

तुमच्या त्या कथेचा शेवट इतका धाडसी, अर्धवट का सोडला?

सोडला नव्हता. एका दिवाळी अंकाने शेवटचं पान छापलंच नाही. आधी मी रडले, मग फोनवर ओरडले. मग वाचकांची पत्रं यायला लागली: ‘शेवट वाचकावर सोपवण्याची तुमची ताकद!’ एका समीक्षकाने त्यावर परिच्छेद लिहिला. पुस्तकात घेताना मी ते पान परत जोडलं. त्यानंतर कौतुक एकदम थांबलं.

माझी कथा वाचून मत द्याल का?

वाचते, पण हाताने लिहिलेली, वीस पानांच्या आतली, आणि पहिल्या पानावर स्वप्न नसलेली. उत्तराला तीन महिने लागतात. पावसाळ्यात पाठवू नका.

पुढचं पुस्तक कशावर?

खाणीवर. आमच्या तालुक्यात मी लहानपणापासून लाल धूळ खाल्ली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. तेव्हा ट्रकांची रांग गेली, खंदक राहिले. पाणी भरलेले, काठ सरळ कापलेले, वरून हिरवट-निळे आणि अतिशय सुंदर. त्यातल्या एकात एक ट्रक बुडालेला आहे, माझ्या वहीत. चालक आत होता की नाही हे ठरवायचंय, आणि त्यासाठी पाणी उन्हाळ्यात किती खाली जातं ते मला नेमकं कळायला हवं. खाणीवर पूर्वी पंप चालवणाऱ्या एका माणसाला विचारलं. तो म्हणाला, ‘बाये, असं तोंडाने सांगून कळणार नाही. मे महिन्यात ये, काठावर उभी राह, दाखवतो.’ पंधरा पानांवर थांबले आहे. मे महिन्याची वाट बघतेय.